ऐकणाऱ्याचे सुतक

भोपाळातली दोन जुनी माणसे पहिल्यांदा भेटली आणि थोडी ओळख वाढली, की केव्हातरी एक प्रश्न निघतोच. 'उस रात आप कहाँ थे?' रात्र कोणती, हे विचारावे लागत नाही. २ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटून ३ तारीख लागत होती, ती रात्र. त्या प्रश्नाला येणाऱ्या उत्तरात माणसाचे सारे पुढचे आयुष्य सामावलेले असते. कोणी म्हणतो जयप्रकाशनगर, कोणी म्हणतो काझी कँप, कोणी रेल्वे कॉलनी. ही नावे ऐकली की विचारणारा मान खाली घालतो.

आमच्या घराचे उत्तर ठरलेले होते. 'हबीबगंज.' हे उत्तर दिले, की समोरचा 'अच्छा' म्हणे आणि विषय बदले. कारखाना शहराच्या उत्तरेला, आम्ही दक्षिणेला, मधे तलाव आणि टेकड्या. वारा त्या रात्री आमच्याकडे फिरला नाही. शहराच्या छपन्न वॉर्डांपैकी छत्तीस वॉर्ड पुढे सरकारने 'गॅसपीडित' म्हणून जाहीर केले. नव्या भोपाळचा आमचा भाग उरलेल्या वीसांत मोडे. ज्या स्टेशनाच्या नावावरून आमचा पत्ता सांगितला जाई, त्या हबीबगंज स्टेशनाचे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. आम्ही जुनी माणसे अजून हबीबगंजच म्हणतो. त्या रात्रीचे उत्तर तरी नव्या नावाने देता येत नाही.

माझ्या वहिनीही हेच उत्तर देत. 'मी हबीबगंजला होते. मला काही झालं नाही.' यातले पहिले वाक्य अक्षरशः खरे होते. दुसऱ्या वाक्याबद्दल मला हा लेख लिहायचा आहे.

वहिनींनी नागपूरला समाजकार्याची पदवी घेतली होती. लग्नानंतर काही वर्षे घरातच गेली. १९८५ च्या मध्याला एका सर्वेक्षणासाठी घरोघर जाऊन गॅसपीडितांना प्रश्न विचारणारी, हिंदी-उर्दू नीट समजणारी माणसे हवी होती. दादांनी 'जा' म्हटले, आईने कपाळाला आठी घातली, आणि वहिनी जाऊ लागल्या. सकाळी नऊच्या सुमारास बसने जुन्या शहराकडे, संध्याकाळी सहाला परत. मी तेव्हा पंचविशीत होतो, त्यांच्याच घरी राहून नोकरी करीत होतो. जे सांगतो ते त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा लागला.

काय घडले होते, हे थोडक्यात सांगायला हवे, कारण चाळीस वर्षांनी त्याची नुसती एक ओळ उरते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट झोपलेल्या वस्त्यांवर पसरले. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९. पुढे ज्यांची मृत्यू म्हणून भरपाई दिली गेली तो आकडा ५,२९५. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. इजा झालेल्यांची सरकारी मोजदाद साडेपाच लाखांच्या वर गेली. हे झाले आकडे. लोकांच्या तोंडी त्या रात्रीची आठवण मात्र एका वासाने सुरू होते. दार उघडायच्या आधी, काय झाले हे कळायच्या आधी, जवळजवळ प्रत्येकाला वाटले, की शेजारी कोणी मिरच्या जाळल्या. 'लगा जैसे किसी ने मिर्ची जला दी हो.' वहिनींनी हे वाक्य दोन वर्षांत किती वेळा ऐकले असेल, त्याचा हिशेब नाही. दिवसाला पाच घरे म्हटली तरी तो हजारांत जाईल.

१९८६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. आईने ठेच्यासाठी तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या. ठसका साऱ्या घराला लागला, तसा तो नेहमीच लागे. आम्ही खोकलो, हसलो, खिडकी उघडली. वहिनी ओसरीत होत्या. त्यांनी आठ वर्षांच्या मुलीचा हात धरला आणि चपला न घालता त्या रस्त्यावर गेल्या. थेट कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापर्यंत. मी मागे धावलो, तेव्हा त्या मुलीच्या डोळ्यांवर ओला पदर धरून उभ्या होत्या. पदर कुठे भिजवला, हे त्यांनाही सांगता येईना. घरी परतल्यावर आई एवढेच म्हणाली, 'अगं, तू तर त्या रात्री इथंच होतीस ना!' त्यानंतर आमच्या घरी तव्यावर मिरच्या भाजणे बंद झाले. कारण कोणी बोलले नाही. आईने पाटा-वरवंट्यावर कच्च्या मिरच्यांचाच ठेचा सुरू केला आणि तोच चांगला लागतो असे जाहीर केले.

आईच्या त्या वाक्यात एक मोठा प्रश्न होता, आणि तो आईने दुष्टपणाने विचारला नव्हता. जे माझ्यावर कोसळले नाही, त्याने मी मोडू शकतो का? आणि मोडलो, तर ते मोडणे माझे म्हणण्याचा मला काही हक्क आहे का?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाला आज शास्त्राकडे उत्तर आहे. ते यायला वेळ लागला. दुर्घटना झाली तेव्हा मध्य प्रदेशातल्या पाचही वैद्यकीय महाविद्यालयांत पूर्णवेळ मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. फुप्फुसांकडे आणि डोळ्यांकडे साऱ्यांचे लक्ष होते, आणि ते साहजिकच होते. मनाकडे पाहायला दोन महिने लागले. फेब्रुवारी १९८५ मध्ये लखनौचे प्रा. बी. बी. सेठी आणि बंगळूरच्या निम्हान्सचे प्रा. आर. श्रीनिवास मूर्ती भोपाळात आले. दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतले १९३, म्हणजे शेकडा बावीस-तेवीस जण, मानसिक आजाराने ग्रासलेले आढळले. एवढ्या माणसांना पुरतील इतके तज्ज्ञ देशातही नव्हते. म्हणून साध्या डॉक्टरांनाच ऐकायला शिकवायचे ठरले. पन्नासेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, आणि १९८७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्यासाठी एक पुस्तिका काढली. आपल्या देशात आपत्तीनंतरच्या मनाची अशी संघटित विचारपूस बहुधा पहिल्यांदाच होत होती, आणि ती करणाऱ्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. ऐकणाऱ्याचे पुढे काय होते, हे तेव्हा जगातच कोणी नीट लिहून ठेवलेले नव्हते. त्याला स्वतंत्र नाव मिळाले १९९० मध्ये, मॅककॅन आणि पर्लमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रियांच्या लेखात. इतरांचे आघात सतत ऐकणाऱ्याच्या मनातली जगाविषयीची मूळ समजूत बदलत जाते. घर सुरक्षित आहे, माणसे विश्वासाची आहेत, मी काही करू शकते, या ज्या गोष्टी आपण गृहीत धरून जगतो त्या एकेक करून ढासळतात, असे त्यांचे म्हणणे. १९९५ मध्ये चार्ल्स फिग्ली यांनी त्याच प्रदेशाला 'करुणेचा थकवा' अशा अर्थाचे नाव रूढ केले. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात आघातोत्तर विकाराला जागा मिळाली, तेव्हा कामापायी ऐकणाऱ्याचा तिथे उल्लेख नव्हता. २०१३ च्या आवृत्तीत तो आला: कामाचा भाग म्हणून भीषण तपशिलांना वारंवार सामोरे जाणे, हेही आघाताचे कारण असू शकते.

म्हणजे वहिनी लिंबाखाली उभ्या राहिल्या त्याला नाव मिळायला चार वर्षे होती, आणि निदानग्रंथात शिरायला सत्तावीस. असो. नाव मिळाल्याने ज्याचे त्याला बरे वाटते. पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, हक्काचा, तसाच राहतो. तो वैद्यकाचा प्रश्नच नव्हे.

वहिनींचे त्यावरचे मत पक्के होते. एकदा मी चाचरत म्हणालो, 'वहिनी, तुम्ही कोणा डॉक्टरांना दाखवून या.' त्या म्हणाल्या, 'भाऊजी, ज्यांची दोन-दोन लेकरं गेली त्या बायका रांगेत उभ्या आहेत. त्यांच्या रांगेत मी उभी राहू? ते खोटा दावा केल्यासारखं होईल.'

'दावा' हा शब्द भोपाळात साधा नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली आणि मग वर्षानुवर्षे या शहरात दावे चालले. तुमचे रेशनकार्ड दाखवा, त्या रात्री कुठे होता ते दाखवा, खोकला किती ते दाखवा. दुःख मोजून, कागद जोडून, खिडकीतून आत सरकवायचे. अशा शहरात राहणाऱ्या सज्जन माणसाला एकच भीती वाटते, की आपण दुसऱ्याच्या वाट्याचे तर घेत नाही ना? वहिनींनी स्वतःच्या मनाचा अर्ज आपल्याच हाताने फेटाळला होता. कारण दिले होते: वॉर्ड बाधित नाही.

मला वाटते, यात एक चूक आहे, आणि ती फार चांगल्या माणसांकडूनच होते. भरपाईचा पैसा ठरलेला असतो, तो वाटला की कमी होतो. म्हणून तिथे रांग लागते. दुखण्याची अशी थैली नसते. वहिनींना झोप लागली नाही, म्हणून जयप्रकाशनगरातल्या कोणाच्या दुःखातून चार आणे कमी झाले नाहीत. त्या आयांचे दुःख आणि वहिनींचे यांची तुलना करायचीच कशाला? सर्पदंश झालेल्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत धावलेल्या माणसाची पाठ दुखते. तो 'मलाही साप चावला' असे म्हणत नसतो. 'पाठ दुखते' म्हणतो. एवढे म्हणण्याला खोटा दावा कोण म्हणेल?

पण हेही कबूल केले पाहिजे, की वहिनींची भीती अगदीच निराधार नव्हती. ऐकणाऱ्याचे दुखणे हळूहळू मुख्य कथा होऊन बसते, असे होते. दुर्घटनेनंतर भोपाळात येऊन गेलेल्या काही पाहुण्यांच्या लिखाणात आपण पाहतो: पीडित बाई दोन ओळींत आटोपते आणि तिला पाहून लेखकाला काय वाटले ते चार पाने चालते. मीही या क्षणी तेच करीत नाही ना, ही शंका लिहिताना मला आहे. बौद्ध परंपरेत याबद्दल एक बारीक विचार आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने करुणेचे दोन शत्रू सांगितले. दूरचा शत्रू क्रौर्य. तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक; तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून अधिक घातक. दुसऱ्याचे दुःख पाहून मी माझ्याच दुःखात बुडालो, तर समोरच्याकडे पाहणारे डोळे उरत नाहीत. सांचीचा स्तूप आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्याही आत आहे. तिथे सहलीला जाऊन आलो, तेव्हा हे काही मला ठाऊक नव्हते.

आपल्याकडे ऐकणाऱ्या-सांगणाऱ्याचे सर्वांत मोठे उदाहरण संजयाचे. दिव्य दृष्टी मिळाली म्हणून आपण त्याला भाग्यवान समजतो. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला आले ते काय? अठरा दिवसांची कत्तल, आणि तीही पुन्हा शब्दांत उभी करून आंधळ्या बापाला सांगायची, ज्याचे मुलगे एकेक करून पडत आहेत. धृतराष्ट्र मधूनमधून शोक करतो, मूर्च्छित पडतो, संजय त्याला सावरतो आणि पुढे सांगू लागतो. 'संजया, तुला कसे वाटते?' असे कोणी त्याला विचारत नाही. महाभारतकारांना मात्र हे दिसत असावे. दुर्योधन मेल्यावर संजयाची ती दृष्टी नाहीशी होते, असे सौप्तिकपर्वात स्पष्ट सांगितले आहे. काम संपले, दृष्टी परत गेली. माझ्या मते ही त्याच्यावर झालेली कृपाच होती. वहिनींची दृष्टी कोणी परत घेतली नाही. १९८७ मध्ये सर्वेक्षण संपले, मानधनाचा शेवटचा हप्ता मिळाला, फॉर्मांचे गठ्ठे गेले. ऐकलेले सगळे हबीबगंजलाच राहिले.

आणि ते राहिले कोणत्या भाषेत, हा मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो. हा अंक ज्या घरांत वाचला जातो, ती बहुतेक दोन भाषांची घरे आहेत. त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. आपल्या घरांत भाषांच्या खोल्या वाटलेल्या असतात. कचेरी, बाजार, शाळा, पोलीस एका भाषेत. देव, रागावणे, अंगाई दुसऱ्या भाषेत. वहिनींनी या सोयीचा एक बंधारा केला होता. जे ऐकायचे ते हिंदीत, उर्दूत. ते मराठीत आणायचे नाही. 'मराठी घरासाठी ठेवली होती,' असे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितले. उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तशी त्या संध्याकाळी हिंदी बाहेर काढून ठेवत आणि आत येऊन मुलीला पाढे म्हणायला लावत.

बंधारा बराच काळ टिकला. पण त्याचे दुसरे टोक असे, की त्या दुखण्यासाठी मराठीत त्यांच्याकडे शब्दच तयार झाले नाहीत. दादा विचारायचे, 'आज काय झालं?' तर 'काही नाही' याखेरीज उत्तर नसे. ते टाळणे नव्हते. खरोखरच मराठीत 'काही' नव्हते. मात्र रात्री झोपेत त्या बोलत, आणि बोलत ते हिंदीत. दादा एकदा हसत म्हणाले, 'तुझी वहिनी झोपेत उत्तर प्रदेशात जाते.' दुसऱ्या वेळी ते हसले नाहीत. कारण त्या झोपेत विचारीत होत्या, 'बच्चा किस तरफ था? दाएँ कि बाएँ?' पळताना दोन मुलांचे दोन हात धरलेल्या आणि एक हात सुटलेल्या कोणा आईला त्या दिवशी त्यांनी हे विचारले होते, की विचारायचे राहिले होते, कोण जाणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ऐकणाऱ्याने आपले दुखणे दाबले, तर बिघडते कोणाचे? त्याचे स्वतःचे, एवढेच असते तर ते त्यागाच्या खात्यात जमा करता आले असते. आपल्याकडे अशा त्यागाचे कौतुकही होते. वीस वर्षांनी, दादा गेल्यानंतरच्या एका पावसाळ्यात, वहिनींनी मला जे सांगितले, त्याने माझ्यापुरता तो हिशेब मोडला.

त्यांच्याकडच्या फॉर्मात होय-नाही असे उत्तर मागणारी प्रश्नांची यादी होती. जागतिक आरोग्य संघटनेने अशी यादी तयार केलेली आहे, आणि भोपाळातल्या पाहण्यांत ती वापरली गेली. डोके दुखते का, झोप नीट लागते का, हात थरथरतात का, असे साधे प्रश्न. शेवटाकडे एक प्रश्न येतो: जीव देण्याचा विचार मनात येतो का? १९८७ च्या उन्हाळ्यातल्या एका दुपारी वहिनी एका घरी बसल्या होत्या. दिवसातले चौथे घर. समोर पस्तिशीची बाई, एकटी. सारी उत्तरे 'हाँ'. ती एकसुरात बोलत होती. वहिनी त्या प्रश्नापाशी आल्या, आणि त्यांना समजले, की याचेही उत्तर 'हाँ' आहे. ते आले, की पुढचे सारे विचारावे लागेल, थांबावे लागेल, कोणाला तरी बोलवावे लागेल. 'मला ते ऐकायचं नव्हतं, भाऊजी. मी विचारलंच नाही. "नहीं"च्या चौकोनात खूण केली, पाणी मागितलं, प्यायले आणि निघाले.'

त्या बाईचे पुढे काय झाले, वहिनींना माहीत नाही. त्या गल्लीत त्या परत गेल्या नाहीत. कदाचित काही झालेही नसेल. ती आज सत्तरीची होऊन नातवंडांना रागावत असेल. पण त्या फॉर्मावर, आणि तो ज्या कोष्टकात गेला असेल त्या कोष्टकात, एक 'नाही' आहे, आणि ते त्या बाईचे नव्हे.

हे ऐकून मी सुन्न झालो. वहिनींसारखी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. शेजारच्याच्या मांजराला दूध दिल्याशिवाय न जेवणारी ही बाई. तिच्या हातून हे झाले ते दुष्टपणाने नाही, आळसानेही नाही. तिच्यात आता आणखी एक 'हाँ' मावत नव्हते म्हणून. आणि मावत नाही, हे सांगायला जागा नव्हती. सांगितले असते तर तिच्या दृष्टीने तो खोटा दावा ठरत होता. ज्या विनयापायी तिने स्वतःचे दुखणे नाकारले, त्याच विनयाची किंमत शेवटी त्या रांगेतल्या बाईने मोजली. भोपाळात कितीतरी डॉक्टर, कारकून, वकील, कार्यकर्ते असे ऐकत बसले होते. त्यांतला कोणी रुक्ष झाला, कोणी 'ये सब तो सिखाया हुआ बोलते हैं' म्हणू लागला. त्या खिडक्यांपलीकडल्या माणसांवर मीही पुष्कळ चिडलो आहे. सगळ्यांना माफ करावे असे मला आजही वाटत नाही. काही जण पहिल्या दिवसापासूनच तसे होते. पण काही जण पाचशेव्या माणसापर्यंत तसे नव्हते, हेही आता मला मानावे लागते.

आपल्या जुन्या लोकांना याची जाण होती का? होती आणि नव्हती. मृत्यूच्या घरी जो जातो त्याला काहीतरी चिकटते, हे त्यांना कळत होते. गोतातल्यांना दहा दिवसांचे सुतक, पण नुसता खांदा दिलेल्या परक्या माणसालाही ते थोड्या वेळाचे असे. स्मशानातून आल्यावर कडुलिंबाचा पाला चघळायचा, आंघोळ करायची, मग आपल्या घरात शिरायचे. विटाळाची कल्पना बाजूला ठेवली, तर यात मोठे शहाणपण आहे. खांदेकऱ्याला कोणी म्हणत नसे, की 'मेला तो तुझा कोण? तुला कशाला सुतक?' त्याला चिकटले आहे हे मान्य, त्याला मुदत आहे हेही मान्य, आणि ती संपल्यावर तो मोकळा, हेही सगळ्यांसमोर मान्य. वहिनींना यांतले एकही मिळाले नाही. चिकटल्याची कबुली नाही, म्हणून मुदत नाही, म्हणून मोकळीक नाही.

पण त्याच जुन्या लोकांनी दुसरे काय केले, तेही विसरू नये. जो एकदा खांदा देतो त्याला त्यांनी एका आंघोळीत मोकळे केले, आणि जो रोज प्रेते जाळतो, रोज मेलेली ढोरे ओढतो, त्याच्यावर तेच सुतक जन्मभराचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे म्हणून लादले. रोजचे काम करणाऱ्याला आंघोळीची मुभाच नाही. हा अन्याय आपण ज्या बाबतीत ओळखला त्या बाबतीत ओळखला. पण सवय गेलेली नाही. मानसोपचार करणारी मुले-मुली, बालअत्याचाराचे जबाब नोंदवणारी पोलीस हवालदार, शवविच्छेदनगृहातला मदतनीस, यांच्याबद्दल आपण सहज म्हणतो, 'त्यांना सवय असते.' सवय असते म्हणजे काय, हे आपण कधी त्यांच्या घरी जाऊन विचारले आहे?

किल्लारीचा भूकंप आपल्या वाचकांच्या जास्त जवळचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेले. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांकडे मनाच्या उपचाराची माणसेही गेली, आणि त्या आघाताच्या परिणामांचा अभ्यास वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी डॉ. मोहन आगाशे यांच्या प्रमुखत्वाखाली झाला. आगाशे म्हणजे 'घाशीराम कोतवाल'मधले नाना. मला नेहमी वाटत आले, की नट आणि मनाचा डॉक्टर एकाच माणसात असावेत हा योगायोग बोलका आहे. नट दुसऱ्याच्या अंगात शिरतो, पण त्याला पडदा असतो, रंग पुसायला आरसा असतो, प्रयोगानंतर पिठलं-भात खायला सोबत असते. ऐकणाऱ्याच्या नाटकाला पडदा कोण पाडणार? परदेशांत आणि आता आपल्याकडच्याही चांगल्या संस्थांत यासाठी एक साधी पद्धत आहे. समुपदेशकाने ठरावीक दिवशी आपल्याहून अनुभवी माणसापाशी बसायचे आणि आपले काय झाले ते बोलायचे. रुग्णाचे नाव-गाव नाही. आपण कुठे अडखळलो, काय टाळले, घरी काय घेऊन गेलो, एवढेच. यात उपकार नाही, हा कामाचाच भाग. सुतार संध्याकाळी पटाशीला धार लावतो, तसा.

ही पद्धत आपल्याकडे किती पोचली? ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ लावा आणि आपल्या भाषेत बोला. ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या भाषेत बोलता यावे यासाठी पलीकडे आपल्याच भाषेत ऐकणारे कोणीतरी बसवावे लागते. म्हणजे वहिनींपाशी होता तो भाषेचा बंधाराही या नव्या मुलांना नाही. ज्या मराठीत ती ऐकतात, त्याच मराठीत घरी येऊन 'काय केलंय आज जेवायला?' असे विचारतात.

वहिनींची नात अशाच कामात आहे. मानसशास्त्र शिकली, आणि एका हेल्पलाइनवर बसते. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. वर्षभर हबीबगंजच्या घरीच राहते आहे. पहिल्या महिन्यात ती पाळीवरून आली की वहिनी चहा टाकत आणि काही विचारीत नसत. मला वाटले, झाले, तेच पुन्हा सुरू झाले. मग एका रात्री, साडेनऊच्या सुमारास, ती आली, ओढणी खुर्चीवर टाकली आणि मोबाइल काढून बसली. वहिनी कप ठेवून तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या,

'आज कोणता प्रश्न विचारायचा टाळलास?'

पोरगी दचकली. 'काही नाही गं आजी,' म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती उत्तर न देता कपाकडे बघत बसली. बाहेर स्टेशनाकडून गाडीची घोषणा ऐकू येत होती. वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'भाऊजी, तुम्ही जरा बाहेर बसा.'

मी चपला घातल्या आणि लिंबाच्या झाडापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा पाऊण तास झाला होता, आणि त्या दोघी अजून बोलत होत्या, म्हणून मी पायरीवर बसून राहिलो.